ग्वाल्हेरचा नाग आणि आपला नांगर

(शेतकरी व मासेमार बांधवांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्याशी शिक्क्यांविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, बांध फुटला, भरतीचे पाणी शेतात आले, ट्रॉलरवाले किनाऱ्यापर्यंत येऊन मासळी खरवडून नेतात, आणि हा गृहस्थ शिक्क्यावरच्या चित्राची गोष्ट काय सांगत बसला? पण थोडे ऐकून घ्या. मामलेदार कचेरीतून, पंचायतीतून, मत्स्य खात्यातून जो कागद तुमच्या घरी येतो, त्याच्यावर काहीतरी चित्र असते. ते चित्र पाहिले की आपण कागद दोन्ही हातांनी धरतो, भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो. ते चित्र कोणी काढले, त्यात कोणाला घेतले आणि कोणाला बाहेर ठेवले, हे मात्र आपण कधी विचारीत नाही. ते विचारायला आज मी तुम्हांला ग्वाल्हेरला घेऊन जातो. ग्वाल्हेर दूर आहे, समुद्र तर त्याहून दूर. पण आपल्याच माणसांनी उभे केलेले ते राज्य, आणि त्याच्या चिन्हाची कथा आपल्या उपयोगाची आहे.

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. तिथली पाटीलकी त्यांची. राणोजी शिंदे पेशव्यांच्या चाकरीत चढले. पेशव्यांचे जोडे सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते, अशी गोष्ट सांगतात. माळवा मराठ्यांच्या हाती आला तेव्हा त्यांचा वाटा त्यांना मिळाला आणि उज्जैन हे त्यांचे ठाणे झाले. त्यांचे पुत्र महादजी. १७८४ साली दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हे पद त्यांनी मिळवले आणि दिल्लीचा सारा कारभार त्यांच्या हाती आला. एवढा मोठा माणूस, पण स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात त्याला धन्यता वाटे. लोकही त्यांना पाटीलबाबा म्हणत. पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. त्या तळाचेच शहर झाले. म्हणून त्याचे नाव आजही लष्कर.

आता पाटलाची खूण कोणती? जुने कागद पाहा. गावात वतनाचा, शिवेचा किंवा वाटणीचा तंटा झाला की गोत बसे, पंच बसत, आणि जो निर्णय होई त्याचा महजर लिहीत. त्याच्याखाली सह्या कशा करणार? लिहिता येणारे थोडे. म्हणून ज्याने त्याने आपली निशाणी करायची. पाटलाची आणि कुणब्याची निशाणी नांगर. शेट्याची, म्हणजे पेठेच्या व्यापाऱ्याची, निशाणी तागडी. बायकांचा हक्क असेल तेथे त्यांची निशाणी बांगडी. कारागीर आपापले अवजार काढीत. गावाची राजमुद्रा म्हणाल तर तीच. तिला ढाल नव्हती, मुकुट नव्हता. गावात जे कष्ट करीत होते त्यांची हत्यारे एका कागदावर ओळीने मांडलेली असत. ज्याची निशाणी त्या कागदावर, त्याचा त्या निर्णयात हात, आणि ज्याची नाही त्याला पुढे म्हणता येई की मला विचारले नव्हते. या पद्धतीत सगळेच बरे होते असे नाही. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांचा मान त्या कागदावरही शेवटचाच असे. तरी निशाणी म्हणजे काय, याचा खरा अर्थ त्या कागदात आहे. निशाणी म्हणजे हक्काची साक्ष.

कण्हेरखेडच्या पाटलाची खूण म्हणजे नांगरच. मग ग्वाल्हेरच्या राजचिन्हात काय दिसते? संस्थानाची नाणी पाहा, टपालाची पाकिटे पाहा. त्यांवर दिसतो नाग. फणा काढलेला नाग, आणि सूर्य. शिंदे घराणे आपली नाळ नागवंशाशी जोडीत असे, म्हणून नाग आला. सूर्य हे तेजाचे आणि राजेपणाचे चिन्ह. नाग आपल्यालाही परका नाही. वारुळापुढे दूध ठेवणारी, नागपंचमीला नांगर न धरणारी आपण माणसे. शेताचा राखणदार म्हणून आपण त्याला मानतो. मराठी मुलखात कथाही आहे की मेंढरे राखणारा पोर उन्हात झोपला असता नागाने त्याच्यावर फणा धरला. ही गोष्ट मल्हारराव होळकरांविषयी सांगतात. म्हणजे गावातला पोर राजा झाला, हे लोकांना पटवायला नागाने सावली धरावी लागली. पण एक फरक ध्यानात घ्या. वारुळातला नाग साऱ्या गावाचा. शिक्क्यावरचा नाग एका घराण्याचा. गावाचा देव घराण्याच्या ढालीवर गेला, आणि नांगर खाली शेतातच राहिला.

हे ढालीचे प्रकरण तरी कुठून आले? १ जानेवारी १८७७ रोजी इंग्रजांनी दिल्लीला मोठा दरबार भरवला. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली, हे जाहीर करायचे होते. जयाजीराव शिंदेही तेथे होते. व्हाइसरॉय लिटन यांनी संस्थानिकांना एकेक रेशमी निशाण दिले. त्यावर प्रत्येक संस्थानाची चिन्हे विलायती पद्धतीने ढालीत बसवली होती. हे काम रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या एका मुलकी अधिकाऱ्याने केले. कोणाचे घराणे सूर्याचे, कोणाचे चंद्राचे, कोणाचा नाग, कोणाचा मारुती, हे त्याने विचारले आणि विलायतेतल्या सरदारांच्या ढालींचा साचा त्यावर दाबला. त्यांतली कित्येक चिन्हे आज पुरातन म्हणून दाखवतात. खुणा जुन्या असतील, पण साचा १८७७ चा, आणि तो देणारा हात परक्याचा. ज्याने निशाण दिले त्याच्यापुढे निशाण घेणाऱ्याने मान लववायची, हा त्या समारंभाचा अर्थ.

शेजारच्या इंदूरच्या होळकरांच्या चिन्हात मात्र एक गोष्ट शेतकऱ्याने पाहण्यासारखी आहे. त्यात गव्हाची ओंबी आहे आणि खसखशीचे, म्हणजे अफूचे, बोंड आहे. घोडा, नंदी, तलवार, भाला यांच्या जोडीला दोन पिके! वाटेल की वा, येथे तरी शेतकऱ्याची आठवण ठेवली. ठेवली खरी. पण गव्हाशेजारी अफू का आली, याचा विचार करा. माळव्याची अफू चीनला जात होती आणि तिच्यावरच्या जकातीने तिजोऱ्या भरत होत्या. म्हणजे ओंबी आणि बोंड हे शेतकऱ्याचे चित्र आहे तितकेच वसुलाचेही चित्र आहे. पीक ढालीवर गेले, पण पिकवणारा गेला नाही. तेव्हा शिक्क्यावर आपले पीक किंवा आपली मासळी दिसली म्हणून लगेच हरखून जाऊ नका. ती कोणाच्या हिशेबात तिथे आली आहे, हे पाहा.

मासळीचे नाव काढले तर दर्यावर्दी बांधवांसाठीही एक गोष्ट आहे. मोगल दरबारात एक फार मोठा मान होता. त्याचे नाव माही मरातिब. माही म्हणजे मासळी. उंच काठीवर धातूची मासळी बसवून ती मिरवणुकीत हत्तीवरून नेत. बादशहा ज्याला हा मान देई त्याची छाती फुगत असे. १७९२ साली महादजी पुण्याला आले आणि सवाई माधवरावांना बादशहाची फर्माने व मानचिन्हे देण्याचा थाटाचा समारंभ केला. त्या मानचिन्हांत माही मरातिबही होते. अयोध्येच्या नवाबांच्या चिन्हातही मासळ्या होत्या, आणि त्यांतूनच उत्तर प्रदेश सरकारच्या शिक्क्यावर आजही दोन मासळ्या आहेत. आता सांगा, त्या मिरवणुकीत एक तरी कोळी, एक तरी खारवी होता का? सोन्याने मढवलेली मासळी हत्तीवर, आणि जिवंत मासळी धरणारा रस्त्याच्या कडेला.

आपल्याकडे काय वेगळे होते? पोर्तुगिजांचे राजचिन्ह आठवून पाहा. त्यात चाक होते. ते कशाचे? संत कातारीनाचे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे त्या संतिणीच्या सणादिवशी, आफोंसो द आल्बुकेर्कने गोवे शहर जिंकले, म्हणून तिचे चाक आमच्या कपाळावर आले. आमचा पराभव हेच आमचे चिन्ह! १९३५ साली पोर्तुगालने आपल्या सर्व वसाहतींची चिन्हे एका साच्यात बसवली. ढालीच्या एका बाजूला पोर्तुगालच्या पाच लहान ढाली, दुसऱ्या बाजूला त्या त्या वसाहतीची खूण, आणि खाली हिरव्या लाटा. लाटा पाहून आमच्या रांपणकाराला वाटेल, हा आमचा दर्या. छे! त्याच लाटा अंगोलाच्या ढालीखाली, त्याच मोझांबिकच्या. तो आगबोटींचा दर्या होता, होडीचा नव्हता.

नगरपालिकांच्या चिन्हांचीही तीच गत. पोर्तुगालच्या १९३० च्या नियमाप्रमाणे ढालीवर किल्ल्याच्या तटाचा मुकुट ठेवायचा. खेड्याला तीन बुरूज, लहान शहराला चार, मोठ्या शहराला पाच. आमच्या गावांना तट कुठला? आमच्या गावाला बांध असतो, देवळापुढे दीपमाळ असते, चर्चपुढे खुरीस असतो, तिठ्यावर वड असतो. आमच्या गावकाऱ्या पोर्तुगिजांच्या आधीच्या. १५२६ साली आफोंसो मेशियाने त्यांचे रीतिरिवाज लिहून काढले, कारण ते आधीपासून होतेच. पण बुरूज मोजणाऱ्यांना बांध दिसला नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि ती ढाल उतरली. तिच्यासाठी शेतात किंवा किनाऱ्यावर कोणी रडले नाही, कारण तिच्यात आपले काही नव्हते.

आता ग्वाल्हेरला परत या, कारण मुख्य गोष्ट पुढेच आहे. ती विलीनीकरणाची आहे.

२८ मे १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मध्य भारत संघाचे उद्घाटन ग्वाल्हेरला झाले. ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर संस्थाने एक झाली. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले. हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला, अशी वाटणी झाली. आठ वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, मध्य भारतही मध्य प्रदेशात मिळाला आणि राजधानी भोपाळला गेली. म्हणजे एका पिढीने, एका घरात बसून, दोनदा विलीनीकरण पाहिले. नाग सरकारी कागदावरून गेला. मग ग्वाल्हेर पुसले गेले काय? किल्ला तेथेच आहे. तानसेनाची कबर तेथेच, राणी लक्ष्मीबाईंची समाधी तेथेच. ग्वाल्हेरची गायकी तर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी फार पूर्वीच महाराष्ट्रात आणली होती, तिला कोणत्याही सरहद्दीने अडवले नाही. आणि मध्य प्रदेशाच्या शिक्क्यावर काय आले? वडाचे झाड, आणि भोवती गव्हाच्या ओंब्या व भाताची लोंबी. नाग गेला, ओंबी राहिली. घराण्याची खूण घराण्याच्या सत्तेबरोबर संपते. धान्याची खूण राज्ये बदलली तरी टिकते, कारण राजा कोणीही असो, जेवायला सगळ्यांनाच लागते.

विलीनीकरणाने अस्मिता बुडते, असे ज्यांनी तुम्हांला सांगितले त्यांना ग्वाल्हेर दाखवा. पण मी तुम्हांला अर्धीच गोष्ट सांगून फसवणार नाही. उरलेली अर्धी कडू आहे. ग्वाल्हेरचा मराठी माणूस हिंदी मुलखात विलीन झाला. राजकवी भा. रा. तांबे यांच्यासारखा कवी त्या मातीने सांभाळला, १९६१ साली मराठी साहित्य संमेलन तेथे भरले आणि कुसुमावती देशपांडे त्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. अध्यक्षपदी बाई बसण्याची ती पहिलीच वेळ. हे सगळे खरे. पण कचेरीत मराठी राहिली नाही. दाव्याचा कागद हिंदीत, जमिनीचा उतारा हिंदीत, शाळा हिंदीत. मराठी राहिली गणेशोत्सवात, देवघरात, स्वयंपाकघरात. मान राहिला, व्यवहार गेला. तेव्हा ग्वाल्हेरपासून दोन धडे घ्यायचे. शिक्का बदलल्याने गाव मरत नाही, हा पहिला. आणि कचेरीची भाषा गेली की शिक्क्यावर काय आहे याला फारसा अर्थ उरत नाही, हा दुसरा. आपली मागणी महाराष्ट्राशी होती ती याच कारणाने. जिथे विलीन व्हायचे तिथे कूळ आपल्या भाषेत अर्ज लिहू शकेल आणि आलेले उत्तर स्वतः वाचू शकेल, एवढेच तिचे मर्म.

१६ जानेवारी १९६७ चा दिवस आठवा, किंवा घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. तेव्हा आपल्या हाती दोनच चिन्हे दिली होती. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहण्याला दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, पानांना १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी आपण हरलो. लोकांचा कौल होता, तो आपण मानला. ३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झाला. हे सगळे झाले तरी फुलाला मत देणारे पावणेदोन लाखांच्या आतबाहेरचे नव्हे, तर नीट मोजलेले एक लाख अडतीस हजार लोक होते, आणि त्यांत कुळे होती, मुंडकार होते, रांपणकार होते. फुलाला मत देताना त्यांनी आपले गाव विकायला काढले नव्हते. त्यांना भाटकाराच्या अंगणात हात बांधून उभे राहायचे नव्हते आणि आपली भाषा कचेरीत हवी होती.

आता दोन शिक्के शेजारी ठेवून पाहा. गोवा सरकारच्या चिन्हात वृक्षदीप आहे, दोन हातांनी जपलेला. महाराष्ट्राच्या राजमुद्रेतही दीपच आहे, समई. गोव्याच्या चिन्हावरील वचन मागते की सर्वांचे भले दिसो, कोणाच्या वाट्याला दुःख न येवो. महाराष्ट्राच्या मुद्रेवरील वचन शिवाजी महाराजांच्या मुद्रेच्या धर्तीवर बनवलेले, तेही म्हणते की ही मुद्रा कल्याणासाठी शोभते. दोन्हीकडे दिवा, दोन्हीकडे 'भद्र' हाच शब्द. कोणी कोणाला हुकूम दिला नव्हता. एकाच घरात वाढलेल्या दोघी बहिणी वेगळ्या चुली मांडतात, पण सांजवात लावायची वेळ दोघींची एकच असते, तसे हे आहे. राज्ये दोन झाली. सांज एकच आहे, हे आपण सांगत राहायचे.

आता तुमच्या कामाचे बोलतो. तुमच्या पंचायतीने उद्या आपल्या कागदावर, कमानीवर, फलकावर गावाची खूण काढायची ठरवली, तर ती कोणती असावी? कोणी म्हणेल सिंह, कोणी म्हणेल तलवार. मला विचाराल तर खाजनातली मानस काढा. बांधातले ते लाकडी दार. भरतीला ते मिटते आणि खारे पाणी भातात येऊ देत नाही. ओहोटीला उघडते आणि शेतातले पाणी बाहेर सोडते. त्याच दाराशी जाळे लावून मासळी मिळते. शेतकरी आणि मासेमार दोघांचे पोट ज्यावर आहे अशी दुसरी वस्तू मला ठाऊक नाही. भांडणही तिच्यावरूनच होते. मासळीच्या लोभाने मानस वेळी-अवेळी उघडी ठेवली की शेतात खार चढते आणि भात जळते. म्हणून तर ती खूण हवी. ती पाहिली की पंचायतीतल्या प्रत्येकाला आठवावे, या दाराची चावी एकट्याची नाही.

पण नुसते चित्र काढून थांबू नका. निशाणी म्हणजे हक्काची साक्ष, हे मी आधी सांगितले. आज तुमची निशाणी महजरावर नसते. शेतकऱ्याची असते नमुना एक-चौदावर. १९६४ साली कुळांचा कायदा झाला, १९७५ साली मुंडकारांचा झाला. कायदा झाला म्हणून कुळाच्या रकान्यात नाव आपोआप चढत नाही. घरी गेल्यावर उतारा काढा आणि त्या रकान्यात तुमचे नाव आहे का, वडिलांचेच आहे, की कोणाचेच नाही, हे पाहा. नसेल तर अर्ज करा आणि तारीख चुकवू नका. दर्यावर्दी बांधवांनो, तुमच्या हक्काची शीव पाण्यावर आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. रांपणकारांनी रस्त्यावर उतरून लढा दिला, तेव्हा १९८० साली सागरी मासेमारीचा कायदा झाला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरांच्या आत ट्रॉलरला बंदी झाली. ही पाच किलोमीटरांची शीव म्हणजे तुमची निशाणी. ती कोणी पुसली तर होडीचा नंबर, दिवस आणि वेळ लिहून ठेवा आणि तक्रार द्या.

आणि अर्ज मराठीत लिहा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, पण सरकारी कामात मराठी वापरण्याचीही सोय त्याच कायद्यात आहे. ती सोय कागदावर आहे. आपण वापरली नाही तर ती कागदावरच राहील, आणि ग्वाल्हेरच्या मराठीसारखी आपली मराठीही आरतीपुरती उरेल. मराठीत अर्ज दिला, मराठीत उत्तर मागितले, ते आले नाही म्हणून पुन्हा मागितले, तर कचेरीला सवय लागते. हे काम पुढारी करू शकत नाहीत. ते ज्याचा उतारा आहे त्यानेच करायचे असते.

कण्हेरखेडच्या पाटलाने दिल्ली हाती घेतली आणि तरी स्वतःला पाटील म्हटले, ही त्याची थोरवी. त्याच्या वंशजांच्या निशाणावर मात्र नांगर कधी चढला नाही. आपल्याकडे निशाण नाही, दरबार नाही. पण नांगर आहे, होडी आहे, मानस आहे. ती निशाणी कागदावर आपल्याच हाताने उमटवायची आहे. पुढच्या ग्रामसभेला बायकामाणसांना घेऊन जा, गावच्या खुणेचा विषय मांडा आणि त्याच सभेत मानशीच्या चावीचा हिशेब मागा.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय गोमंतक!